लंगोटाला हरकत

आमच्या गेममधल्या पैलवानांना सरळ पँटी चढवाव्यात आणि मोकळं व्हावं, असं माझं मत होतं. हे चंदनाला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या आजोबांनाच भर रस्त्यात पँट घालायला निघाले आहे. एका अर्थी तसंच होतं म्हणा, कारण गेममधला मुख्य पैलवान तिच्या आजोबांवरूनच काढलेला आहे.

पण आधी सगळं नीट सांगते. नाहीतर म्हैसुरात बसून एका पन्नाशीच्या बाईला व्हिडिओ गेममधल्या पुरुषांच्या कपड्यांची चिंता का पडली, असं कुणालाही वाटेल.

मी सिंधू, मूळची सांगलीकडची. नवरा हरिहर बँकेत, त्याच्या बदलीमुळे आम्ही इथे आलो आणि जयलक्ष्मीपुरममध्ये घर करून राहिलो ते कायमचेच. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला इतकी मानवणारी नोकरी दुसरी नसेल. चंदना तिथेच माझ्या हाताखाली लागली. हुशार, अबोल आणि हट्टी. तिला गेम बनवायचा होता. तिने नोकरी सोडली, वर्षभराने मी सोडली आणि आम्ही दोघींनी मिळून तिच्या घराच्या माडीवर कंपनी काढली. चित्रं आणि प्रोग्रॅम तिचे. चुका काढणं, पत्रव्यवहार आणि भांडणं माझ्याकडे.

चंदनाचं घर नजरबादेत. शेकडो वर्षांपूर्वी म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांपैकी ही मंडळी. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं असतं की पहिलं वर्षभर मी नुसतीच मान हलवत होते. तिचे आजोबा तुकोजीराव गरडीचे उस्ताद. आमच्याकडे जिला तालीम म्हणतात तिला इथे गरडी म्हणतात, आणि आखाड्यातल्या मातीला मट्टी. आमच्या गेमचं नावही ‘मट्टी’च. सकाळी गरडीचं बुटकं दार उघडायचं, वरुणा गावाच्या बाजूने आणलेली तांबडी माती चाळायची, तिच्यात तूप, हळद, ताक कालवायचं, तेल लावून अंग चोळायचं, लंगोट बांधायचा आणि मग कुस्ती. त्यातला एकेक डाव, म्हणजे इथल्या भाषेत पट्टू, तुकोजीरावांचा आहे. नातीने त्यांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने गरडीतल्या पोरांना धरून धरून सगळे पट्टू करून दाखवले. पोरं दमली, हे नाही दमले.

गेम एका मोठ्या ऑनलाइन स्टोअरवर लागला. विक्री बेताचीच होती, पण त्या स्टोअरच्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या सेलसाठी आमची निवड झाली. सेलच्या पहिल्या पानावर ‘मट्टी’ दिसणार होता. हे व्हायलाच हवं होतं. चंदनाचे वडील संताजीराव रेल्वेच्या वर्कशॉपात आहेत, आणि त्यांनी मुलीला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर गेम चालला तर ठीक, नाहीतर बेंगळूरच्या एका कंपनीने देऊ केलेली नोकरी घ्यायची. त्यांचंही काही चुकत नव्हतं. तिने दोन वर्षं माडीवर बसून काढली होती आणि शेजारपाजारचे विचारायला लागले होते. चंदना बेंगळूरला गेली की आमची कंपनी संपली, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आणि नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी ओट्याशी असताना तिचा फोन आला.

“आंटी, गेम होय्तु.”

होय्तु म्हणजे गेला. मला वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. पण नाही, स्टोअरवरून आमचं पानच गेलं होतं. स्टोअरची मेल आली होती, जेमतेम दोन ओळींची. आपला गेम आमच्या पेमेंट भागीदारांच्या नियमांशी सुसंगत नसल्यामुळे विक्रीतून काढण्यात येत आहे. प्रकार: प्रौढांसाठीचा, अश्लील मजकूर.

मी ती मेल पुन्हा पुन्हा वाचली. अश्लील? आमच्या गेममध्ये एक बाई नाही. एक शिवी नाही. आहे तो भिंतीवरचा मारुती आणि त्याच्या समोर घाम गाळणारे बाप्ये.

हरिहरने संध्याकाळी मला समजावून सांगितलं. बँकेत त्याचं कामच कार्डांचं. तो म्हणाला, “हे बघ, स्टोअर माल विकतं, पण गिऱ्हाइकाचे पैसे येतात कार्डातून. कार्ड चालवणारी कंपनी वेगळी, पैसे इकडून तिकडे पोचवणारी वेगळी, मध्ये एक बँक. त्यांनी उद्या म्हटलं की तुमच्याकडे घाणेरडा माल आहे, आम्ही तुमचे पैसे घेणार नाही, तर स्टोअरला त्याच दिवशी कुलूप. म्हणून ते म्हणतील ते स्टोअर ऐकतं.”

“पण आमचा माल घाणेरडा नाही.”

“तो कुणी बघितलाय?”

झालं होतं ते असं. कुणीतरी कार्डवाल्यांकडे तक्रारींची झोड उठवली होती की या स्टोअरवर ओंगळ गेम विकले जातात. विकले जातही होते, मी काही त्यांची वकिली करत नाही. काही तर असे की नावं वाचूनच आंघोळ करावीशी वाटावी. कार्डवाल्यांनी स्टोअरला दम भरला, आणि स्टोअरने घाबरून ज्या ज्या गेमवर शंकेची खूण होती ते सगळे एका झटक्यात काढून टाकले. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

आता आमच्यावर खूण का होती? ती आमची आम्हीच केली होती.

गेम स्टोअरवर लावताना एक प्रश्नावली भरायची असते. ती भरली त्या दिवशी तुकोजीराव माडीवर बसले होते. नातीचा गेम विकायला लागणार म्हणून मुद्दाम जिना चढून आले होते. चंदना इंग्रजी प्रश्न वाचून त्यांना सांगत होती आणि ते उत्तरं देत होते.

“अज्जा, विचारतात, अंग बरंच उघडं दिसतं काय?”

“दिसतं की. झाकून कोण कुस्ती करतंय?”

“अंगाला अंग लागतं काय?”

“मत्ते? मग लांबून फुंकर मारून पाडायचं काय?”

“तेल लावून चोळतात काय?”

“पहिलं तेच! ते नाही तर मट्टीत उतरायचं नाही. लिही.”

चंदना प्रत्येक ठिकाणी ‘हो’ करत गेली. उस्तादांसमोर खोटं कोण सांगणार? शेवटी एक रिकामा चौकोन होता, वरच्या उत्तरांबद्दल काही खुलासा करायचा असल्यास. चंदनाने विचारलं, काय लिहू? तुकोजीराव हसायला लागले. गरडी म्हणजे काय, हे पण सांगायला पाहिजे काय? आणि मी, सांगलीची, जिच्या गावात दर दोन गल्ल्यांआड तालीम, मीही हसले. आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की जगात असे लोक असतात ज्यांनी कुस्ती बघितलेली नाही. चौकोन तसाच सोडला आणि खाली जाऊन इडल्या खाल्ल्या.

तर आता मी भांडायला बसले. माझं खातंच ते. स्टोअरला लिहिलं. उत्तर आलं, निर्णय पेमेंट भागीदारांच्या नियमांनुसार घेतला आहे. कार्ड कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून एका मुलीने फोन घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, मॅडम, कुठला गेम विकायचा हे आम्ही ठरवत नाही, स्टोअर ठरवतं. मधल्या कंपनीला विचारलं, तर तिने नियमांचं पान पाठवून दिलं. त्यात कुस्तीचा शब्द नव्हता. हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो याच्याकडे. सासूने सुनेवर आणि सुनेने नणंदेवर ढकलावं, आणि भांडी तशीच खरकटी राहावीत, तसं चाललं होतं. मी फोनवरच्या मुलीवर ओरडले. मग हरिहर म्हणाला की ती बिचारी पोटासाठी बसली आहे, तेव्हा त्याच्यावरही ओरडले.

त्याच रागात मी पँटींची कल्पना काढली. अंग उघडं आहे ना? झाकू. गुडघ्यापर्यंत पँट, वर बनियन, आणि परत अर्ज.

चंदनाने एका पैलवानाला पँट घालून दाखवली. मग कुस्ती लावली. प्रतिस्पर्ध्याने त्याच्या कमरेचा लंगोट धरायला हात घातला, तो हात कापडाच्या आरपार गेला आणि आमचा पैलवान हवेत तरंगायला लागला. निम्मे पट्टू लंगोटाच्या पकडीवर आहेत. सगळं नव्याने करायचं म्हणजे दसरा जाऊन संक्रांत आली असती.

“आणि आंटी,” ती म्हणाली, “अज्जाला काय सांगू?”

कारण अज्जांना आम्ही काही सांगितलंच नव्हतं. संताजीरावांना तर नाहीच नाही. तुकोजीराव गरडीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की आमचे पट्टू आता अमेरिकेपर्यंत पोचले. अशा माणसाला जाऊन सांगायचं, की तुमचं अंग बघून परदेशातल्या कंपन्यांना लाज वाटली? आयुष्यभर ज्या मट्टीला आधी हात लावून मग पाय ठेवला, तिच्यावर ‘अश्लील’ असा शिक्का बसलाय? चंदनाला नोकरीपेक्षा याची धास्ती जास्त होती. तिचे डोळे भरून आले, आणि मला माझ्याच पँटींचा राग आला.

आणि त्यातच मला तो दुसरा गेम दिसला.

स्टोअरवर चाळत होते, कोण उरलंय आणि कोण गेलंय बघत. आणि समोर सुमो! दोन अगडबंब जपानी, अंगावर कमरेची पट्टी सोडली तर काही म्हणजे काही नाही, एकमेकांना भिडलेले. खुशाल विक्रीला. खाली बनवणाऱ्यांचं नाव, जपानातल्या कुठल्याशा लहान गावातलं नवराबायकोचं जोडपं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं चालतं आणि आमचं नाही? चोर सोडून संन्याशाला फाशी! तेव्हा त्या दोघांना चोर ठरवताना माझी जीभ जराही अडखळली नाही. मी तिथल्या तिथे तक्रार लिहायला घेतली. सुमोची चित्रं जोडली, आमची जोडली, कुणाचं किती अंग उघडं आहे त्याची तुलना केली. हाच न्याय असेल तर तो सर्वांना सारखा लावा, अन्यथा आम्हाला कारण द्या. पत्रात स्टोअर आणि कार्ड कंपनी दोघांचे पत्ते घातले. इंग्रजी असं फक्कड साधलं होतं की मीच ते मोठ्याने वाचून पाहिलं. फक्त पाठवायच्या आधी चंदनाला ऐकवावं म्हणून स्कूटर काढून नजरबादेला गेले.

माडीवर तुकोजीराव बसलेले. गरडीतून आलेले, कानामागे अजून माती. चंदना भिंतीला टेकून उभी होती. बघताक्षणी कळलं की बिंग फुटलंय. गरडीतल्या कुणीतरी फोनवर गेम शोधला होता, त्याला सापडला नव्हता.

“सिंधूबाई, या,” ते म्हणाले. “ही काही नीट सांगत नाही. सुम्ने, नुसती रडते. तुम्ही सांगा. का काढलं?”

मी चंदनाकडे बघितलं. मग सांगून टाकलं. कार्डाची कंपनी, तक्रारी, नियम, सगळं. शेवटचा शब्दही सांगितला. अश्लील. त्यांना नीट कळावं म्हणून कानडीतही सांगितला.

खाली रस्त्यावर फुलवाल्याची हाक ऐकू येत होती. मग तुकोजीरावांचे खांदे हलायला लागले. म्हटलं, संपलं, म्हातारा रडतोय.

पण ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, चंदना पाणी घेऊन धावली, तरी थांबेनात.

“अय्यो, ह्या वयात?” ते म्हणाले. “माझं अंग बघून? नोडू, बघ चंदना, तुझ्या अज्जीनं पण जन्मात असं म्हटलं नव्हतं!”

चंदना रडता रडता हसायला लागली. ज्या गोष्टीच्या भीतीने आठवडाभर आम्हा दोघींच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ती ही एवढीशी निघाली. त्यांना राग आला नव्हता असं नाही, पण लाज वाटली नव्हती. लाज वाटावी असं आपण काही केलंय, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

मला जोर आला. म्हटलं, आता माझं पत्र ऐका. आणि वाचून दाखवलं, प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ सांगत. चांगलं रंगवून वाचलं. शाबासकीची वाट बघत मान वर केली.

“हे दुसरे पैलवान कोण?” तुकोजीरावांनी विचारलं.

“जपानचे. त्यांचा गेम आहे.”

“त्यांनी आपलं काही केलं काय?”

“त्यांनी नाही केलं. पण त्यांचा चालतो आणि आपला...”

“त्यांचा काढला की आपला परत येतो, अल्वा?”

“येईलच असं नाही,” मी म्हटलं. “पण मग त्या लोकांना कळेल तरी.”

“त्यांचा पण जाईल. आपला पण नाही. मत्ते काय मिळालं?”

मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ते ‘सरी, सरी’ म्हणाले, म्हणजे बरं, बरं, आणि गुडघ्यावर हात देऊन उठून जेवायला गेले. माझ्याशी वाद घालायचीही त्यांना गरज वाटली नाही, याचाच मला जास्त संताप आला.

चंदना हळूच म्हणाली, “आंटी, त्यांनाच विचारू या काय? त्यांनी फॉर्म कसा भरला म्हणून?”

“तू विचार,” मी म्हटलं. “माझं इंग्रजी भांडणासाठी आहे.”

तिने साध्या चार ओळी लिहिल्या. आम्ही भारतातल्या म्हैसूरच्या, आमचा कुस्तीचा गेम काढून टाकला आहे, तुमचा बघितला, फार आवडला, तुम्ही प्रश्नावली कशी भरली ते सांगाल का? मी माझं पत्र फाडलं वगैरे नाही. मसुद्यात ठेवून दिलं. म्हटलं, दोन दिवस वाट बघते, नाहीतर धाडते.

ते दोन दिवस वाईट गेले. बेंगळूरवाल्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. संताजीरावांनी जेवताना मुलीला विचारलं, गेमचं काय? तिने या वेळी खरं ते सांगितलं. ते चिडले नाहीत, तेच अवघड झालं. नुसतं म्हणाले, “होगली, जाऊ दे. तू प्रयत्न केलीस की.” दुसऱ्या दिवशी चंदनाने मला फोन करून विचारलं की बेंगळूरमध्ये राहायला कुठला भाग बरा. मी दोनतीन भागांची नावं सांगितली. फोन ठेवला आणि मसुदा उघडला. बोट बटणावर होतं. खरंच होतं. तेवढ्यात हरिहरने चहा कुठे आहे म्हणून हाक मारली आणि मी उठले.

शनिवारी जपानहून उत्तर आलं. लिहिणारीचं नाव मिदोरी. तिने प्रश्नावलीची आपली प्रत जशीच्या तशी पाठवली होती. त्यांनीही आमच्यासारखंच सगळीकडे ‘हो’ केलं होतं! अंग उघडं, हो. स्पर्श, हो. फरक एवढाच की शेवटच्या चौकोनात त्यांनी सविस्तर लिहिलं होतं. हा आमचा जुना खेळ आहे. कमरेची पट्टी हा या खेळाचा गणवेश आहे, तो बांधल्याशिवाय कुणी रिंगणात येत नाही. यात लैंगिक काही नाही. सोबत त्यांच्या गावातल्या एका जुन्या खेळाडूचा छोटा व्हिडिओ. मिदोरीने खाली लिहिलं होतं, की हे तुमच्या शब्दांत लिहा, आणि अपील करताना ‘क्रीडा’ हा प्रकार निवडा. तिथे माणूस बघतो, दुसऱ्या प्रकारांत यंत्र बघतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि घरचा रिकामा चौकोन दिसला नाही.

रविवारी सकाळी आम्ही गरडीत गेलो. तुकोजीरावांना मट्टीच्या कडेला उभं केलं आणि कॅमेरा लावला. त्यांनी आधी केस विंचरून घेतले. मग कानडीत बोलले, अगदी सरळ. लंगोट बांधल्याशिवाय इथे पाय ठेवायचा नाही. माझ्या उस्तादाने मला बांधायला शिकवला, मी या पोरांना शिकवला. तो बांधला की माणूस तयार झाला. उघडावाघडा माणूस या मट्टीत येत नाही. चंदनाने खाली इंग्रजी अक्षरं घातली. चौकोनातला मजकूर तिने आणि मी मिळून लिहिला, आणि या वेळी भांडणाची भाषा मी एका शब्दाने आणली नाही. आणली होती, तिने खोडली.

अपील गेलं. सोमवारी चंदनाने बेंगळूरवाल्यांकडून आणखी चार दिवस मागून घेतले. ते कुरकुरत हो म्हणाले.

बुधवारी मी देवराज मार्केटात होते. घटाला माळ हवी म्हणून फुलांपाशी उभी, आणि फोन वाजला. पलीकडे नुसता गोंगाट. चंदना हसत होती, मागे तुकोजीराव कुणाला तरी मोठमोठ्याने सांगत होते, आणि कुणीतरी भांडं वाजवत होतं.

“आंटी, बंतु! गेम बंतु! आला!”

जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते मला त्या फुलांच्या ढिगापाशी कळलं. मी भर बाजारात ओरडलेच. फुलवाल्याने विचारलं, मॅडम, सगळं ठीक ना? मी त्याला म्हटलं, ठीक म्हणजे काय, घोडं गंगेत न्हालं! त्याला कळलं नाही, पण त्याने माळेवर चार शेवंती जास्त घातल्या.

सेलच्या पानावर ‘मट्टी’ लागला. पहिल्या रांगेत नाही, खालच्या. पण लागला, आणि चालला. लक्षाधीश वगैरे कुणी झालं नाही, पण माडी सोडायची गरज उरली नाही. दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले तेव्हा संताजीराव सोफ्यावर बसून फोनवर मुलीच्या गेममध्ये माती चाळत होते. चंदना म्हणाली, “अप्पा, बेंगळूरला नाही म्हणून कळवलं.” ते मान वर न करता म्हणाले, “सरी. पण ह्यात पी.एफ. नाही ना?” एवढ्यावर तो विषय मिटला.

राहिले आभार. ते मानायचं काम मात्र मी मागून घेतलं. म्हटलं, माझं इंग्रजी भांडणाशिवायही चालतं हे दाखवते. मिदोरीला लांबलचक पत्र लिहिलं. तुकोजीराव कसे हसले, चार शेवंती कशा जास्त मिळाल्या, सगळं. मसुद्यातल्या पत्राबद्दल अर्थात काही लिहिलं नाही.

तिचं उत्तर जयलक्ष्मीपुरमच्या घरी, दुपारी, जेवण झाल्यावर वाचलं.

तिने लिहिलं होतं, तुमचा गेम परत आला, आम्हा दोघांनाही फार आनंद झाला. आता सांगायला हरकत नाही. तुमची पहिली मेल आली तेव्हा विषयात ‘आमचा कुस्तीचा गेम काढला आहे’ एवढंच दिसलं, आणि माझ्या नवऱ्याने लॅपटॉप मिटून टाकला. त्याआधी दुसऱ्या दोन गेमवाल्यांनी स्टोअरला आमचं नाव कळवलं होतं. आमचा काढला, मग यांचा का नाही, असं विचारून. दोन्ही वेळा आम्ही कसेबसे वाचलो. स्टोअरने बजावलं होतं की आणखी एक तक्रार आली तर ते विचारणार नाहीत, सरळ काढतील. आम्हाला वाटलं, तिसरी तुमची. त्या रात्री आम्ही जेवलो नाही. आमच्याकडे हा एकच गेम आहे. सकाळी मी धीर करून मेल उघडली, तर आम्ही फॉर्म कसा भरला ते तुम्ही विचारत होता. नवरा स्वयंपाकघरात जाऊन रडला. तुम्ही विचारलंत, त्याबद्दल आम्हीच आभारी आहोत.

पत्राच्या वरच्या बाजूला मसुद्यांचा कप्पा असतो. त्यात एक पत्र पडून होतं. सुमोची चित्रं जोडलेलं, दोन्ही पत्ते घातलेलं, झकास इंग्रजीतलं.

मी ते खोडून टाकलं. कचऱ्याच्या कप्प्यात जाऊन तिथूनही खोडलं. मग उठून मोरीत गेले आणि साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. बाहेर आले तर हरिहर वर्तमानपत्रातून डोकं काढून बघत होता. मी रडत होते वाटतं.

“काय झालं?”

“सुटले रे,” मी म्हटलं.

“आता? गेम तर केव्हाच सुटला.”

“गेम नाही,” मी म्हटलं. “मी.”